डिस्क नवी, पण दिसेना

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर पडते. गिऱ्हाईक पिशवीतून खोकं काढून काउंटरवर ठेवतं. "अण्णा, परवा नेलेली एसएसडी. विंडोज टाकायला बसलो तर डिस्क दिसतच नाही. बदलून द्या." मुरलेला दुकानदार खोक्याला हातही लावत नाही. "बायोसन्याग काणतैतेन्री?" एवढंच विचारतो. बायोसमध्ये दिसते का? गिऱ्हाईक गप्प. बायोस उघडून कोणी पाहिलेलंच नसतं.

दुकानदार टाळाटाळ करतोय असं आपल्याला वाटतं, पण या बिघाडात यापेक्षा नेमका प्रश्न दुसरा नाही. 'डिस्क दिसत नाही' हे वाक्य अर्धं आहे. कोणाला दिसत नाही, ते त्यात येतच नाही. नवी डिस्क आधी मदरबोर्डला, म्हणजे त्याच्या बायोसला, दिसावी लागते, मग विंडोजच्या इन्स्टॉलरला, आणि दिसल्यावर ती त्याला चालावीही लागते. यांपैकी कुठे अडलंय ते कळलं की निम्मं काम झालं. ते न शोधता दुकान गाठलं की डिस्क बदलून मिळते खरी, पण घरी आल्यावर ही दुसरी डिस्कही दिसत नाही.

हल्याळ, अळणावर, दांडेलीकडच्या मंडळींना असली फेरी महागात पडते. खरेदीला हुबळी-धारवाड गाठायचं म्हणजे बसचं तिकीट आणि एक दिवस गेला. त्यात सध्या हे काम घरोघरी निघालंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि जुन्या मशीनमधली खडखडणारी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायची, नव्याने विंडोज टाकायचं, असं अनेकांनी मनावर घेतलं. म्हणून दुकानदार काउंटरवर जे विचारतो ते घरीच कसं तपासायचं, ते इथे सांगतो.

मशीन सुरू करताना बायोसची कळ दाबत राहायची. जोडणी केलेल्या डेस्कटॉपवर ती बहुधा डिलीट असते, डेलच्या लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१०. आत गेल्यावर स्टोरेजचं पान शोधायचं. तिथे डिस्कचं मॉडेल आणि क्षमता आली असेल तर निश्चिंत व्हा, डिस्क जिवंत आहे. नसेल आली, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. विंडोजचा पेनड्राइव्ह दहा वेळा नव्याने बनवला तरी काही होणार नाही. अडचण तारेत, खाचेत किंवा विजेत आहे.

साध्या अडीच इंची साटा एसएसडीला दोन केबल लागतात. सात पिनांची माहितीसाठी, पंधरा पिनांची विजेसाठी. माहितीची केबल सैल बसणं हे सगळ्यात सामान्य कारण, विशेषतः क्लिप नसलेल्या जुन्या केबलचं. ती दोन्ही टोकांना काढून पुन्हा दाबायची, मग दुसऱ्या पोर्टात लावून पाहायची, मग केबलच बदलायची. फिरणारी हार्डडिस्क असेल तर आणखी एक सोय आहे: सुरू करताना तिच्या अंगावर बोटं ठेवा. आतली तबकडी फिरू लागली की बारीक थरथर जाणवते. थरथर नाही म्हणजे वीज पोचत नाही, किंवा डिस्क मेली आहे.

वीज पोचत असूनही डिस्क न फिरण्याचा एक प्रकार मात्र भल्याभल्यांना चकवतो. २०१६ मध्ये साटाच्या ३.३ या आवृत्तीत विजेच्या कनेक्टरमधल्या तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं. त्या पिनेवर व्होल्टेज आलं की डिस्कने झोपून राहायचं. मोठ्या डेटा सेंटरांना शेकडो डिस्कांमधली एखादी अडकलेली डिस्क हात न लावता बंद-चालू करता यावी, यासाठी ही सोय. पण जुन्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डबीतून, त्याच पिनेवर कायम ३.३ व्होल्ट येत असतात. म्हणजे ही नवी डिस्क जुन्या कॅबिनेटमध्ये लावली की तिला 'झोप' असा हुकूम सतत मिळत राहतो. ती फिरत नाही, बायोसमध्ये येत नाही, आणि आपण ती खराब समजून परत करतो. डेटा सेंटरसाठी बनलेल्या मोठ्या क्षमतेच्या डिस्का आणि बाहेरच्या यूएसबी डबीतून सोडवून काढलेल्या डिस्का यांत हे घडतं. जुन्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरला ३.३ व्होल्टची तारच नसते, म्हणून मोलेक्सवरून साटा देणारं ॲडॉप्टर लावलं की डिस्क फिरू लागते. ॲडॉप्टर मात्र दहा-वीस रुपये वाचवून घेऊ नका. साच्यात ओतलेल्या स्वस्त कनेक्टरचे ॲडॉप्टर तापून जळाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

एम.२ एसएसडीची गोष्ट वेगळी. ही बावीस मिलिमीटर रुंद आणि बहुधा ऐंशी मिलिमीटर लांब पट्टी, तिला केबलच नाही. त्यामुळे चुकायला जागा नाही असं वाटतं, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कारण दिसायला सारख्या पट्ट्यांमध्ये दोन जाती आहेत. एक जुन्या साटाच्या पद्धतीने बोलते, दुसरी एनव्हीएमई, जी थेट पीसीआय एक्सप्रेसवरून बोलते. काही मदरबोर्डांच्या खाचेत फक्त पहिली चालते, काहींत फक्त दुसरी, काहींत दोन्ही. पट्टी आत जाते, स्क्रू बसतो, सगळं ठीक दिसतं आणि बायोसमध्ये काही येत नाही. ओळखायची खूण पट्टीच्या सोनेरी टोकाशी आहे. साटाच्या पट्टीला तिथे बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. 'बहुधा' म्हणतोय, कारण अपवाद आहेत. खात्रीसाठी मॉडेलचं नाव आणि मदरबोर्डची पुस्तिका दोन्ही ताडून पाहायला हवं. पुस्तिकेत आणखी एक ओळ बारीक अक्षरात असते, ती कोणी वाचत नाही: एम.२ ची अमुक खाच वापरली तर साटाचे अमुक पोर्ट बंद होतील. एम.२ लावली आणि जुनी हार्डडिस्कच गायब झाली, असं झालं तर ही ओळ शोधा. त्या डिस्कला काही झालेलं नसतं, तिचा रस्ता दुसऱ्याने घेतलेला असतो.

स्क्रूचंही बघा. एम.२ पट्टी तिरकी आत घालून मग खाली दाबतात आणि टोकाला छोटा स्क्रू लावतात. पट्टी अर्धा मिलिमीटरही बाहेर राहिली असेल तर ती कधी दिसते, कधी नाही. असा लहरी बिघाड पूर्ण बिघाडापेक्षा जास्त वेळ खातो.

आता डिस्क बायोसमध्ये नीट दिसते आहे असं समजू. पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, अटी मान्य केल्या, आणि जिथे डिस्कांची यादी यायला हवी तिथे कोरा चौकोन. खाली इंग्रजीत सूचना, की कोणतीही ड्राइव्ह सापडली नाही, स्टोरेजचा ड्रायव्हर हवा असेल तर 'लोड ड्रायव्हर' दाबा. गेल्या काही वर्षांत ही तक्रार सर्वाधिक येते ती इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आणि त्यापुढच्या लॅपटॉपवर. अकरावी पिढी सप्टेंबर २०२० मध्ये आली, आणि तिच्यासोबत व्हीएमडी नावाचा प्रकार घरगुती लॅपटॉपमध्ये शिरला.

व्हीएमडी हा मुळात सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरांमधला. प्रोसेसरच्या आतच बसलेला हा कंट्रोलर एनव्हीएमई डिस्कांना आपल्या पाठीमागे घेतो. ऑपरेटिंग सिस्टिमला मग डिस्क दिसत नाही, फक्त व्हीएमडी दिसतो. व्हीएमडीशी बोलायचा ड्रायव्हर असेल तर तो मागची डिस्क दाखवतो, नसेल तर मागे डिस्क आहे याचा पत्ताही लागत नाही. सर्व्हरमध्ये यामुळे चालू मशीनमधून डिस्क काढता-घालता येते, अनेक डिस्का एकत्र जोडून त्यांचा रेड करता येतो. एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये याचा सामान्य माणसाला फारसा फायदा नाही असं माझं मत आहे, पण कारखान्यातून तो चालू होऊन येतो आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी नडतो.

यातून सुटायच्या दोन वाटा. सोपी वाट, बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायचा. डेस्कटॉपवर हा पर्याय प्रगत सेटिंगमध्ये मिळतो. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर तो लपवलेला असतो, बायोसच्या 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर प्रकट होतो. काही लॅपटॉपवर मुळीच नसतो. मशीन पूर्ण कोरं असेल आणि रेड करायचा नसेल तर खुशाल बंद करा. पण त्याच लॅपटॉपमध्ये आधीचं चालू विंडोज असेल आणि ते राखायचं असेल, तर या वाटेला जाऊ नका. ते विंडोज व्हीएमडीच्या ड्रायव्हरवर उभं असतं. तो बंद केला की निळा पडदा येतो आणि बूट डिव्हाइस सापडत नाही असं म्हणतो. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर वर रिकव्हरी कीही मागेल.

दुसरी वाट ड्रायव्हरची. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्टच्या पानावरून आपल्या मॉडेलसाठीचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवायचा आणि पेनड्राइव्हवर घ्यायचा. इथे बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. उतरवलेली फाइल ईएक्सई असते, ती तशीच पेनड्राइव्हवर टाकली जाते, आणि इन्स्टॉलरला त्यात काही सापडत नाही. त्याला हवी असते आयएनएफ फाइल आणि तिच्या सोबतच्या फाइली, म्हणजे ईएक्सई दुसऱ्या मशीनवर उलगडून निघालेलं फोल्डर. ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, 'लोड ड्रायव्हर' दाबून ब्राउझने तिथपर्यंत जा, नावात व्हीएमडी असलेली ओळ निवडा. ड्रायव्हर बरोबर असेल तर पुढच्या पडद्यावर डिस्क हजर होते.

याच्याशी मिळतीजुळती दुसरी सूचना येते, तिची गफलत करू नका. 'माध्यमाचा ड्रायव्हर सापडत नाही' अशा अर्थाचा मजकूर अगदी सुरुवातीलाच आला, तर डिस्कपेक्षा पेनड्राइव्हवर संशय घ्या. फाइल अर्धवट उतरलेली असते किंवा यूएसबीचं पोर्ट रुसलेलं असतं. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावा, नाहीतर पुन्हा बनवा.

हे सगळं नवं वाटेल, पण जुन्या मंडळींनी हाच खेळ आधी खेळला आहे. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं, तेव्हा साटाची एएचसीआय पद्धत अजून ठरलेलीही नव्हती. पुढे एएचसीआयवर चालणाऱ्या मशीनवर एक्सपी टाकायला गेलं की निळा पडदा आणि त्यावर शेवटी ७बी असलेला आकडा. सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा, हा तेव्हाचा मार्ग. फ्लॉपी कोणाकडे उरली नव्हती, म्हणून दुकानदार बायोसमध्ये जाऊन एएचसीआयचं आयडीई करून मोकळे होत. आज तेच हात व्हीएमडी बंद करतात. विंडोज ७ आलं २००९ मध्ये आणि एनव्हीएमईची पहिली आवृत्ती ठरली २०११ मध्ये. साहजिकच विंडोज ७ ला एनव्हीएमई माहीत नव्हती. मायक्रोसॉफ्टला तो ड्रायव्हर नंतर वेगळ्या दुरुस्तीतून द्यावा लागला.

त्याही मागे गेलं तर अडचण ड्रायव्हरची नव्हती, आकड्यांची होती. डिस्कवरच्या प्रत्येक ५१२ बाइटांच्या तुकड्याला क्रमांक असतो. जुन्या आयडीई पद्धतीत हा क्रमांक २८ बिटांचा होता, म्हणजे २६,८४,३५,४५६ तुकडे. गुणाकार केला की १३७ जीबी. त्यापुढची डिस्क घेतली तरी मशीन १३७ वरच थांबायचं, आणि माणसं दुकानदाराने फसवलं म्हणत परत यायची. एक्सपीला ही मर्यादा ओलांडायला २००२ चा पहिला सर्व्हिस पॅक लागला. डिस्क बनवणारे पुढे धावतात आणि तिला ओळखायचं ज्यांचं काम, ते मागून येतात. ही शर्यत जुनी आहे: जगातली पहिली व्यापारी हार्डडिस्क आयबीएमने १९५६ च्या सप्टेंबरमध्ये दाखवली. चोवीस इंची पन्नास तबकड्या आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची.

आकड्यांची ही मर्यादा अजून पुरती गेलेली नाही. आता तिसरा प्रकार. डिस्क इन्स्टॉलरला दिसते, तिच्यावर बोट ठेवता येतं, पण 'नेक्स्ट' फिकट राहतं आणि या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही असं उत्तर येतं. बहुतेक वेळा कारण पार्टिशनच्या नोंदवहीचं असतं. एमबीआर ही नोंदवही १९८३ पासूनची, तिच्यात क्रमांक ३२ बिटांचा, म्हणून २.२ टीबीच्या पुढे तिची मजल नाही. नवी जीपीटी ही मर्यादा जुमानत नाही. पेनड्राइव्ह नव्या यूईएफआय पद्धतीने बूट केला असेल तर विंडोजला जीपीटीच लागते. जुन्या पद्धतीने केला असेल तर एमबीआर. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी 'यूईएफआय' लिहून, एकदा तसाच. घाईत चुकीची ओळ निवडली जाते आणि दोष डिस्कच्या माथी येतो. आजच्या मशीनवर यूईएफआयचीच ओळ निवडा.

नवीकोरी डिस्क असेल तर इन्स्टॉलर स्वतःच तिची जीपीटी करून घेतो. पूर्वी कुठेतरी वापरलेली असेल तर हाताने करावी लागते. शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते, तिथे डिस्कपार्ट लिहायचं, मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. यातला 'क्लीन' हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं तो क्षणात, काही न विचारता पुसतो. मुलीच्या बारशाचे फोटो असलेली जुनी डिस्क त्याच मशीनमध्ये असेल आणि शून्य-एकचा घोटाळा झाला, तर हळहळण्याखेरीज हाती काही राहत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की विंडोज टाकताना नवी सोडून बाकी सगळ्या डिस्का केबल काढून बाजूला ठेवाव्यात. पाच मिनिटं जातात, जाऊ द्यात.

आणखी एका तक्रारीत कोणाचंच चुकलेलं नसतं. विंडोज जुन्या डिस्कवर व्यवस्थित चालू आहे, नवी डिस्क जास्तीची म्हणून लावली, आणि 'धिस पीसी'त ती येत नाही. कोऱ्या डिस्कवर पार्टिशनच नसतं, तर तिला ड्राइव्हचं अक्षर कुठून मिळणार? डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिला इनिशलाइज करा, जीपीटी निवडा, नवा व्हॉल्यूम करा. एक टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसले म्हणूनही दुकानात जाऊ नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

लिनक्सचा पेनड्राइव्ह मात्र घरात असू द्या, विंडोजच वापरत असाल तरीही. उबुंटू हे लिनक्स इन्स्टॉल न करता नुसतं पेनड्राइव्हवरून चालू करता येतं. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके लिहिलं की दिसणाऱ्या सगळ्या डिस्का ओळीने येतात. तिथे नवी डिस्क आली आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नाही, तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का झाला. काही मशीनवर इंटेलची रॅपिड स्टोरेज पद्धत चालू असल्यामुळे उबुंटूलाही डिस्क दिसत नाही, त्याचा इन्स्टॉलर मग ती पद्धत बंद करायला सांगतो. तेव्हा तिथे न दिसणं हा डिस्क मेल्याचा पुरावा धरू नका. पुरावा बायोसचाच.

आणि खरोखर खराब निघालेल्या डिस्काही असतात. केबल बदलून, पोर्ट बदलून, शक्य असेल तर दुसऱ्या मशीनमध्ये लावूनही बायोसमध्ये आली नाही, तर बदलून मागायचा तुमचा पूर्ण हक्क आहे. जाताना बिल, खोकं आणि मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल घेऊन जा. बायोसच्या स्टोरेजच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डिस्कवरचं लेबल सोलू नका, वॉरंटीचा क्रमांक त्यावरच असतो. दुकानात पोचल्यावर पैशांचं बोलण्याआधी डिस्क त्यांच्या मशीनवर लावून दाखवायला सांगा, आणि नवी मिळाली तर तीही पिशवीत घालण्याआधी तिथेच लावून बघा.